राजधानीच्या गावाला दोन दिवस



सुट्ट्या लागल्या की घरातली पोरे एकच प्रश्न विचारतात, "आपण कुठे जायचे?" आईबापांना उत्तर सुचत नाही. रोजंदारीच्या माणसाला दोन दिवस फिरायला जायचे म्हणजे दोन दिवसांचा रोज बुडवायचा आणि वर पदरचे पैसे घालायचे. म्हणून आपल्या बहुतेक घरांत सहल म्हणजे मामाचे गाव, नाहीतर कुणाचे लग्न. तरीही आमचे सांगणे आहे की वर्षातून दोन दिवस वेगळे काढावेत आणि ते छत्रपती संभाजीनगरला द्यावेत. २०२३ साली शहराचे नाव बदलले, पण जुन्या माणसांच्या तोंडी अजून औरंगाबादच आहे. याच शहरात राहून कधी वेरूळ न पाहिलेली घरेही आम्हाला ठाऊक आहेत. हा मजकूर त्यांच्यासाठीही आहे.

हे गाव मुळात राजधानी म्हणूनच वसले. १६१० साली मलिक अंबरने खडकी या जागी निजामशाहीची राजधानी वसवली. हा मलिक अंबर कोण? आफ्रिकेतल्या हबसाण मुलखातला, म्हणजे आजच्या इथिओपियातला एक मुलगा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला, एका बाजारातून दुसऱ्या बाजारात गेला आणि शेवटी दख्खनला पोचला. पुढे त्याने निजामशाहीचा सगळा कारभार हाती घेतला आणि मुघलांना वर्षानुवर्षे झुंजवले. ज्याला बाजारात किंमत लावून विकले त्याने राजधानी उभी केली, ही गोष्ट आपल्या मुलांना अवश्य सांगावी. नंतर औरंगजेबाने इथूनच दख्खनचा कारभार पाहिला. हैदराबादचे निजामही १७६३ पर्यंत इथूनच राज्य करत होते.

मलिक अंबरने शहरासाठी डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरींतून आणले. दक्षिण अमेरिकेत पेरू देशाची राजधानी लिमा आहे. तिथे वर्षभरात पाऊस जवळजवळ पडतच नाही, डोंगरातून येणाऱ्या रिमाक नदीवर ते शहर जगते. कोरड्या जागी राजधानी वसवायची तर आधी पाणी आणावे लागते, हे मलिक अंबरने ओळखले होते. आज शहराला पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी येते. तरी अलीकडच्या वर्षांत कित्येक वस्त्यांना नळाचे पाणी काही दिवसांआड मिळत आले आहे. तेव्हा पाहुणे म्हणून जाल तर यजमानाच्या घरचे पाणी जपून वापरा.

आता हवेचे पाहू. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढे जातो आणि लेण्यांचा काळा दगड तापतो. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लहानग्यांना घेऊन एप्रिल-मे महिन्यांत जाऊ नये. पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात, वेरूळला धबधबा पडतो, पण पायऱ्या निसरड्या असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. रात्री थंडी वाजते, अंगावर घ्यायला काहीतरी न्यावे.

पहिला दिवस शहरात काढावा. सकाळी नागसेनवनात जावे. पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज बाबासाहेबांनी इथे १९५० साली सुरू केले, तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. ज्या मराठवाड्यात आपल्या मुलांना शाळेची पायरी दुर्मीळ होती, तिथे त्यांनी थेट महाविद्यालय आणले. पुढे विद्यापीठाचे प्रवेशद्वार आहे. सोळा वर्षांच्या लढ्यानंतर १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. त्या लढ्यात कुणाची घरे जळाली, कुणाचे प्राण गेले, हे मुलांना त्या दारातच सांगावे.

तिथून औरंगाबाद लेण्यांकडे वळावे. वेरूळ-अजिंठ्याच्या नावापुढे या लेण्या झाकल्या गेल्या आहेत, पण आमच्या मते त्या चुकवू नयेत. तिसऱ्या लेण्यात बुद्धमूर्तीसमोर गुडघे टेकून बसलेले स्त्री-पुरुष माणसाएवढे कोरले आहेत. सातव्या लेण्यात अवलोकितेश्वराच्या दोन्ही बाजूंना आग, चोर, हत्ती, साप, बुडते जहाज अशा संकटांत सापडलेली माणसे दाखवली आहेत. जवळच बीबी का मकबरा. ताजमहालासारखा दिसतो, पण संगमरवर घुमटाला आणि खालच्या भागाला आहे, बाकी बरेचसे काम गिलाव्याचे. संध्याकाळी पाणचक्की पाहावी. डोंगरातून आलेल्या पाण्याच्या जोरावर इथे जाते फिरे आणि दर्ग्यातल्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी दळण होई.

खाण्याचे म्हणाल तर जुन्या शहरात नान-खलिया मिळतो. भट्टीतली मोठी मऊ नान आणि मटणाचा झणझणीत रस्सा. गोडात इमरती घ्यावी. पण घरची शिदोरीही बरोबर असू द्यावी. भाकर, ठेचा, शेंगदाण्याची चटणी दोन दिवस टिकते. गंमत अशी की ठेच्यातली मिरची आणि चटणीतला शेंगदाणा मूळचे अमेरिका खंडातले, पोर्तुगीजांच्या व्यापारातून आपल्याकडे आले. आज त्यांच्याशिवाय आपली चूल पेटत नाही.

दुसऱ्या दिवशी दौलताबाद आणि वेरूळ करावे, दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत आणि एसटी जाते. मंगळवारी वेरूळ बंद असते आणि सोमवारी अजिंठा, हे लक्षात ठेवून दिवस ठरवावा. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, त्यामुळे खर्च आटोक्यात राहतो. वेरूळच्या चौतीस लेण्यांपैकी पहिल्या बारा बौद्ध लेण्या आहेत. दहाव्या लेण्याचे छत दगडातच लाकडी वाशांसारखे कोरलेले आहे, म्हणून लोक त्याला सुतार की झोपडी म्हणतात.

दौलताबादला मात्र घाई करू नका. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी इथे हलवली होती, हे शाळेच्या पुस्तकात असते. दुसरी गोष्ट बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. १९३४ साली ते सुमारे तीस सहकाऱ्यांसह असेच सहलीला निघाले होते, वेरूळची लेणी पाहायला. किल्ल्याच्या दाराशी पाण्याचे लहान टाके होते. प्रवासाने धुळीने माखलेल्या त्या मंडळींनी तिथे तोंड-हातपाय धुतले. तेवढ्यावरून टाके बाटवले म्हणून गलका झाला, जमाव जमला आणि शिव्यांचा भडिमार झाला. ओरडणारे मुसलमान होते. अस्पृश्यता एका धर्मापुरती राहिली नव्हती, हे त्यांना त्या दिवशी दिसले. शेवटी किल्ला पाहू दिला, तो आत कुठेही पाण्याला शिवायचे नाही या अटीवर. अट मोडू नये म्हणून हत्यारबंद शिपाई बरोबर दिला. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या माणसाची ही सहल.

आज आपण तिकीट काढून त्याच दारातून आत जातो आणि कुणी जात विचारत नाही. म्हणून आम्ही म्हणतो, दोन दिवसांचा रोज बुडाला तर बुडू द्या. किल्ला चढून पोरांना तहान लागली की बाटली त्यांच्या हाती द्या, आणि ती पाणी पीत असतानाच त्यांना १९३४ सालची ही हकीकत सांगा.