मत नावानिशी मिळालं, मग पाटीवर 'ध.प.' का?



मार्च लागला की आपल्या मंडळाच्या ग्रुपवर महिला दिनाची पत्रिका येते. मंगलाचरण, दीपप्रज्वलन, ताट सजावट, एक मिनिटाचे खेळ, हौजी, 'सर्वोत्तम साडी' आणि सूर्यास्ताच्या आत अल्पोपहार. मला खेळांचं वावडं नाही. घरकाम, दुकान, देवदर्शन, आजारी माणसांची सेवा यातून दोन तास निघतात, बायका हसतात, ते चांगलंच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हा दिवस कशाचा, याबद्दल त्या दोन तासांत एक वाक्यही बोललं जात नाही. आणि त्या पत्रिकेत अर्ध्या जणींची नावं 'सौ.' किंवा 'ध.प.' च्या पुढे नवऱ्याच्या नावाने छापलेली असतात. महिला दिनाच्या पत्रिकेतच बाईचं नाव नाही!

काही जणी म्हणतील, "नावात काय एवढं? कागदावर काही का असेना, घरात मान आहे ना?" त्यांच्यासाठीच आज लिहिते आहे. कारण आपल्याला मतदानाचा हक्क मिळाला तो नावावर मिळाला, आणि ज्यांनी नाव सांगितलं नाही त्यांचा तेव्हा गेला.

स्वातंत्र्यानंतर पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी मतदार याद्या तयार होत होत्या. घरोघरी गेलेल्या कर्मचाऱ्यांना अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई', 'फलाण्याची मुलगी' एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी सांगितलं की असं चालणार नाही, मतदार म्हणजे एक व्यक्ती, तिला तिचं नाव हवं. देशातल्या सुमारे ८ कोटी स्त्री मतदारांपैकी जवळपास २८ लाख जणींची नावं यादीतून वगळावी लागली. यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. संविधानाने हक्क दिला होता, पण बाई 'अमक्याची बायको' म्हणून थांबली, आणि दारात आलेला हक्क परत गेला.

आणि हा हक्क काही आयता आलेला नव्हता. महिला दिनाची कल्पना १९१० मध्ये कोपनहेगनच्या परिषदेत क्लारा झेटकिन यांनी मांडली. पुढच्या वर्षी युरोपातल्या काही देशांत तो पाळला गेला, तेव्हा मुख्य मागणी होती स्त्रियांना मताधिकार. ८ मार्च ही तारीख पक्की झाली ती १९१७ मध्ये रशियाच्या पेट्रोग्राडमधल्या कापड गिरणीतल्या बायका भाकरी मागत संपावर उतरल्या म्हणून. म्हणजे या दिवसाच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत, मत आणि मजुरी. ताट सजावट त्यात नंतर आली.

आपल्याकडेही त्याच १९१७ साली सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं. पुरुषांना मत देणार असाल तर आम्हालाही द्या, ही मागणी. सरकारने नेमलेल्या समितीने उत्तर दिलं की इथल्या समाजात अजून त्याची वेळ आलेली नाही. तेव्हा मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन, दोघी मायलेकी १९१९ मध्ये लंडनला गेल्या आणि तिथल्या संसदेच्या समितीपुढे बाजू मांडली. पारशी समाज आपल्यासारखाच, संख्येने लहान, व्यापारात मुरलेला, घरंदाजपणाला जपणारा. त्या समाजातली आई मुलीला घेऊन समुद्रापार गेली, ती मतासाठी.

१९२१ मध्ये मुंबई इलाख्यात स्त्रियांना मत मिळालं, पण ज्यांच्या स्वतःच्या नावावर मालमत्ता किंवा कर होता त्यांनाच. अशा किती असणार? १९३५ च्या कायद्याने मतदार स्त्रियांची संख्या सुमारे ६० लाखांवर गेली, त्यातही पुष्कळ जणी मतदार झाल्या त्या मालमत्ताधारक नवऱ्याच्या बायका म्हणून. आपलं चितेगाव, पैठण, सगळा मराठवाडा तर तेव्हा निजामाच्या राज्यात. मुंबई इलाख्याचे ते कायदे इथे लागूच नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण मोकळे झालो आणि १९५१-५२ च्या निवडणुकीत इथल्या बाईने पहिल्यांदा मत दिलं. शेठाणीने आणि तिच्या शेतात निंदणाऱ्या बाईने एकाच रांगेत उभं राहून, प्रत्येकीने एकच मत. ना मालमत्तेची अट, ना शिक्षणाची, ना नवऱ्याची. अट एकच, यादीत तुझं नाव हवं.

आता आपल्या पाट्या वाचा. मंदिराच्या दानदात्यांची पाटी, पाणपोईची पाटी, भोजनशाळेची पाटी. 'श्री. अमुक परिवार', 'ध.प. श्री. तमुक'. मुनिसंघ गावात आला की चौका कोण लावतं? पहाटे चारला उठून सोवळ्यात पाणी गाळणारी, धान्य दाण्या-दाण्याने शोधणारी, उपाशी राहून पडगाहनाला उभी राहणारी बाईच. फलकावर आहारदानाचा लाभ मात्र 'परिवारा'ला. परिवार का पहाटे चारला उठला होता?

"आपल्या धर्मात बाईला मोठं स्थान आहे," हे मी नेहमी ऐकते. आहेच. पण ते स्थान कसं आहे तेही पाहा. लिपीला ब्राह्मी म्हणतात, ते ऋषभदेवांच्या मुलीचं नाव, 'ऋषभदेवांची कन्या' असं लिपीचं नाव नाही. भगवान महावीरांच्या साध्वीसंघाची प्रमुख चंदना. राजकन्या असून बाजारात विकली गेलेली, पायात बेडी, दुसऱ्याच्या घरी दासी म्हणून राबणारी. तिच्या हातचा आहार भगवंतांनी घेतला आणि पुढे तीच हजारो आर्यिकांची प्रमुख झाली. कल्पसूत्रात संघाचे आकडे आहेत. साधू १४ हजार, साध्वी ३६ हजार. श्रावक १ लाख ५९ हजार, श्राविका ३ लाख १८ हजार. दुप्पट! आता तुमच्या गावच्या मंदिराच्या विश्वस्तांची यादी काढा आणि त्यात श्राविका किती ते मोजा. पूजेला, पंगतीला, वर्षीतपाला आपण दुप्पट, आणि निर्णयाच्या बैठकीत चहा पाठवण्यापुरत्या. शास्त्राने हे सांगितलेलं नाही. आपण ते चालवून घेतलं आहे.

कागदाचंही तसंच. हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. तरी आपल्याकडे काय होतं? लग्नात भरपूर दिलं म्हणतात, आणि पुढे एका दुपारी हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतात. सही न करणाऱ्या बहिणीला माहेर तुटण्याची भीती. ज्यांना सोडायचं आहे त्यांनी खुशाल सोडावं, अपरिग्रह हे आपलं व्रतच आहे. पण व्रत म्हणजे स्वतःहून घेतलेलं. भावाने पुढे केलेल्या कागदावर डोळे खाली घालून केलेल्या सहीला त्याग म्हणू नका. आणि अपरिग्रहाची आठवण नेमकी बहिणीच्याच वाट्याला का येते, भावाला का नाही?

इथपर्यंत वाचून मान डोलावणाऱ्या मैत्रिणींना पुढचं कदाचित आवडणार नाही. आपल्या नावासाठी आपण भांडू, पण आपल्या घरात भांडी घासणाऱ्या बाईचं पूरं नाव आपल्याला माहीत आहे का? ती 'मावशी', 'बाई', नाहीतर 'अमक्याची आई'. म्हणजे १९५१ च्या यादीतली तीच नोंद, आता आपण करतो आहोत.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पाठशाळेत सगळ्यांनी पाठ केले आहेत. बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. चौथ्याचा अर्थ आठवा. जो आपल्या ताब्यात आहे त्याच्यावर त्याच्या शक्तीपेक्षा जास्त ओझं लादणं. आपण तो बैलापुरता ठेवला. दशलक्षण पर्वात घरी पाहुणे, दुप्पट भांडी, तीन वेळा फरशी, आणि पगार तोच. चार दिवस खाडा झाला तर मात्र हिशेबाने कपात. मुंगी चिरडू नये म्हणून आपण दिवा लावून जमीन बघतो, आणि त्याच जमिनीवर फरशी पुसणारीचं दुखणारं कंबरडं बघत नाही. हा अतिचारच आहे, त्याला दुसरं नाव नाही.

आपल्याच परंपरेतली एक बाई हे शंभर वर्षांपूर्वी समजली होती. अहमदाबादच्या अनसूया साराभाई, गिरणीमालकाच्या जैन घरातली मुलगी. तेराव्या वर्षी लग्न झालं, ते टिकलं नाही. १९१२ मध्ये डॉक्टरकी शिकायला इंग्लंडला गेल्या, पण तिथे प्राण्यांची चिरफाड करावी लागते म्हणून ते शिक्षण सोडलं. ही आपल्या संस्काराची अहिंसा. तिथे त्यांनी मताधिकारासाठी लढणाऱ्या बायका पाहिल्या. परत आल्यावर एके दिवशी गिरणीतून सलग ३६ तास काम करून बाहेर पडणाऱ्या बायका पाहिल्या, आणि अहिंसा माणसापर्यंत आली. १९१८ च्या अहमदाबादच्या संपात गिरणीमालकांच्या बाजूला त्यांचे सख्खे भाऊ अंबालाल होते आणि मजुरांच्या बाजूला अनसूयाबेन. मजुरांना ३५ टक्के वाढ मिळाली. १९२० मध्ये त्यांनी मजूर महाजन ही संघटना उभी केली, आणि त्याच संघटनेतून १९७२ मध्ये इला भट्ट यांची 'सेवा' निघाली. व्यापारी घरातली लेक मजुरांच्या बाजूने उभी राहू शकते, आणि जैनही राहू शकते, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्या किती मुलींना त्यांचं नाव माहीत आहे?

मुंबईत १९२८ च्या मोठ्या गिरणी संपात पार्वतीबाई भोर आणि उषाताई डांगे यांनी गिरणीतल्या बायकांना रस्त्यावर आणलं. त्याच वर्षी बाळंतपणाच्या पगारी रजेच्या विधेयकाची बाजू डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात मांडली आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. आज आपली सून सहा महिन्यांची पगारी रजा घेऊन घरी येते, त्या रजेची सुरुवात त्या गिरणीवाल्या बायकांपासून आहे.

आणि इतकं लांबही जायला नको. १९७२ च्या दुष्काळात याच पट्ट्यात बायकांनी रस्त्यांवर खडी फोडली, पाझर तलावांची माती वाहिली, सुकडी खाऊन लेकरं जगवली. त्या कामांतून रोजगार हमी योजना उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, पुढे साऱ्या देशाने तीच कल्पना उचलली. आज पैठण रोडवर पहाटे डबा घेऊन कंपनीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या बायका त्यांच्याच लेकी-नाती आहेत. कंत्राटावर काम, आज आहे उद्या नाही. इथली मोठी कंपनी बंद पडली तेव्हा किती घरं शिवणकामावर, पापडावर, खानावळीवर तरली हे चितेगावात कोणाला सांगायला नको. महिला दिनाला व्यासपीठावर उद्योजकांच्या पत्नी बसतात. एखाद्या वर्षी यातली एक बाई बसवा, आणि तिला बोलू द्या.

तेव्हा यंदा चार गोष्टी करू. पत्रिकेत, पाटीवर, प्रमाणपत्रावर प्रत्येकीचं स्वतःचं नाव छापू. 'सौ.' लावायचं तिने लावावं, पण पुढे नाव तिचं. सरकारनेसुद्धा १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या बाळाच्या नावानंतर आधी आईचं नाव लिहायचं ठरवलं आहे, मग आपली पाटी का मागे? दुसरं, मंदिराच्या पुढच्या विश्वस्त निवडीत श्राविकांची नावं मागू, आणि मागून मिळाली नाहीत तर उभ्या राहू. तिसरं, घरी येणाऱ्या बाईला महिन्याला चार पगारी सुट्ट्या आणि पर्वाच्या जादा कामाचे जादा पैसे देऊ. चौथं, २००८ च्या कायद्याने झालेल्या घरेलू कामगार कल्याण मंडळात तिची नोंदणी करायला तिच्यासोबत जाऊ. तिथल्या अर्जावर तिचं नाव लिहावं लागेल, तेव्हा आधी ते विचारून घ्या.

यात कोणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. म्हणणं मात्र मागे घेत नाही. प्रतिक्रिया जरूर लिहा, आणि खाली तुमचं स्वतःचं नाव लिहा.

जय जिनेंद्र.