वजनकाटा आधी दाखवा!

मंडळी, "शास्त्रीय पद्धतीने प्राधान्यक्रम ठरवला आहे" असं कोणी म्हणालं की मला एकच विचारावंसं वाटतं. वजनं कोणी ठरवली आणि कधी?

पद्धत तशी सोप्पी आहे. पैसे थोडे, प्रकल्प ढीगभर. मग निकष काढायचे, प्रत्येक निकषाला वेटेज द्यायचं, प्रकल्पांना दहापैकी मार्क द्यायचे. गुणाकार, बेरीज, झाली यादी! एक्सेलमध्ये दहा मिनिटांचं काम.

आता गंमत बघा. समजा एका पुलाला वेगासाठी ९, किती लोकांना फायदा यासाठी ४ आणि खर्चासाठी २ मार्क मिळाले. लोकलच्या जादा फेऱ्यांना त्याच क्रमाने ४, ८ आणि ७. वेटेज ७०-२०-१० ठेवलं तर पूल ७.३, लोकल ५.१. तेच ४०-४०-२० केलं तर पूल ५.६, लोकल ६.२. मार्क तेच, निकाल उलटा! म्हणजे मार्क बघून मग वेटेज ठरवणाऱ्याला हवा तो प्रकल्प पहिला आणता येतो. वर पुन्हा "कॉम्प्युटरने काढलंय हो" म्हणायची सोय आहेच.

आकडे उदाहरणापुरते घेतलेत, पण पूल आणि लोकल उगाच नाही निवडले. उरण तालुक्यातलं आमचं द्रोणागिरी घ्या. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतूचं आणि उरण लोकलचं उद्घाटन झालं. सेतू २१.८ किलोमीटरचा, खर्च सुमारे १७,८४० कोटी. कल्पना जुनी असली तरी काम २०१८ मध्ये सुरू होऊन सहा वर्षांत पूर्ण. लोकल मात्र १९९० च्या दशकात मंजूर झालेली. खारकोपरपर्यंत पोचली २०१८ मध्ये आणि तिथून उरणपर्यंतचे साधारण १५ किलोमीटर यायला आणखी पाच वर्षं. जमीन, खारफुटी, परवानग्या, सगळं मान्य. पण अडथळे समुद्रातल्या पुलालाही होतेच की! ते भराभर सुटले, कारण तो यादीत वर होता.

सेतू वाईट आहे असं मी म्हणत नाहीये. पण त्यावर बाइक आणि रिक्षाला बंदी, आणि सुरू झाला तेव्हा कारला एकेरी टोल २५० रुपये. मग "वेळेची बचत" या निकषात नक्की कोणाचा वेळ मोजायचा? अर्थशास्त्रात प्रवाशाच्या वेळेची किंमत बऱ्याचदा त्याच्या कमाईवरून काढतात. म्हणजे कारमधल्या मॅनेजरचा अर्धा तास महाग आणि मोरा बंदरावर लाँचची वाट बघणाऱ्या बाईंचा स्वस्त. हे गणित नाहीये राव, हा निर्णय आहे. आणखी एक चलाखी म्हणजे वेळेची बचत, इंधनाची बचत, कोंडी कमी असे तीन निकष वेगवेगळे लावायचे. गाडी कोंडीत अडकली नाही या एकाच फायद्याचे तिनदा मार्क!

जागतिक बँकेने २०१६ मध्ये मांडलेल्या चौकटीत सगळं एका आकड्यात कोंबलेलं नाही. सामाजिक-पर्यावरणीय गुण वेगळे, आर्थिक गुण वेगळे, आणि प्रकल्प दोन्ही अक्षांवर मांडायचे. कशासाठी काय सोडतोय ते निदान दिसतं तरी.

"अरे, राजकारण तर होणारच" असं काही मित्र म्हणतात. होऊ दे ना! वजनं ठरवणं हे राजकारण्यांचंच काम आहे, त्यासाठीच तर निवडून देतो आपण त्यांना. फक्त ती आधी ठरवा, जाहीर करा आणि मार्क दिल्यावर त्यांना हात लावू नका. इंजिनीअरिंगच्या प्रवेशाला नियम आधी छापतात, मेरिट लिस्ट नंतर लागते. उलटं केलं असतं तर आपल्या आईवडिलांनी मोर्चे काढले असते!

एका कॉलेजच्या सीटसाठी आपण हा हट्ट धरतो. मग हजारो कोटींच्या यादीसाठी का नाही? उद्घाटनाच्या जाहिरातीत लांबी असते, किंमत असते, फोटो तर असतातच. पुढच्या यादीच्या वेळी सिडको आणि एमएमआरडीएकडे वेटेजचा तक्ताही मागू या. तोही मार्क लागायच्या आधी.