शर्यत एकाची, तास घरादाराचे

डोंगरवाटांवरची अनेक दिवसांची सायकल शर्यत ही आता फक्त परदेशातली गोष्ट राहिलेली नाही. हिमाचल प्रदेशात २००५ पासून ‘एमटीबी हिमालय’ ही शर्यत भरू लागली आणि सपाट रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या अनेकांना खडकाळ वाटांचे वेध लागले. आज शहापूर तालुक्यात माहुलीच्या पायथ्याशी, भातसा जलाशयाच्या बाजूला किंवा मुरबाडहून टोकावड्यामार्गे माळशेजकडे जाताना रविवारी पहाटे हेल्मेट घातलेले सायकलस्वार दिसतात. बहुतेक जण पस्तिशी-चाळिशीतले, नोकरदार, मुलाबाळांचे असतात. त्यांतल्या कुणी अशी शर्यत मनावर घेतली, तर त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘कोणती सायकल घेऊ?’ वैद्यकीयदृष्ट्या पहिला प्रश्न वेगळा आहे. सरावाचे तास आणायचे कुठून?

हिशेब करून पाहावा. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. सहा दिवस आठ तासांची नोकरी म्हणजे ४८. आसनगावहून लोकलने मुंबई गाठणाऱ्याचे जाण्या-येण्यात रोज चार तास धरले, तर आणखी २४. अंघोळ, जेवण, बाजारहाट यांसाठी रोज तीन तास म्हणजे २१. उरतात २६ तास. त्यांत मुलांचा अभ्यास, आई-वडिलांचे औषधपाणी, लग्नकार्ये आणि घरकाम बसवायचे. शर्यतीसाठी आठवड्याला दहा तास सराव करायचा, तर ते याच २६ तासांतून काढावे लागतात.

बहुतेक जण ते इथून काढत नाहीत. ते झोपेतून काढतात, किंवा न विचारता बायकोच्या वाट्यातून. पहिला मार्ग शरीराला महागात पडतो, दुसरा घराला.

आधी झोपेचे पाहू. सायकल चालवताना स्नायू बळकट होत नाहीत. तेव्हा ते झिजतात, त्यांतली साखर संपते, सूक्ष्म इजा होतात. दुरुस्ती नंतर होते, आणि तिचा मोठा भाग गाढ झोपेत होतो. रात्री बाराला झोपून पहाटे चारला सायकल काढणारा माणूस इजा रोज करतो, दुरुस्तीला मात्र वेळ देत नाही. काही आठवड्यांत सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद लागते, चिडचिड वाढते, सर्दी-खोकला हटत नाही, आणि जास्त सराव करूनही वेग घटतो. अशा वेळी तो सराव आणखी वाढवतो. खरे तर तेव्हा सायकल चार दिवस भिंतीला टेकवून ठेवायला हवी.

शरीर ताणाचे वेगवेगळे खाते ठेवत नाही. रात्रपाळी, तान्ह्या मुलाचे जागरण, घरातले आजारपण आणि घाटाची चढण हे सगळे एकाच खात्यात जमा होते. शहापूर-मुरबाडकडे तर भाताची आवणी आहे. जुलैत दिवसभर चिखलात वाकून रोपे लावणाऱ्याने संध्याकाळी ‘आज सराव बुडाला’ म्हणून हळहळायचे कारण नाही. कंबर आणि मांड्यांचे काम झालेलेच असते. त्या आठवड्यात सायकल कमी चालवणे हा आळस नव्हे, तो शहाणपणा आहे.

कमी तासांत तयारी होते का? शर्यत जिंकण्याची नाही, पण धडधाकट राहून पूर्ण करण्याची बऱ्याच जणांची होऊ शकते. बहुतेक सराव संथ असावा, सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता येईल इतका. जोराच्या चढणी आठवड्यातून एक-दोनदाच. अनेक दिवसांच्या शर्यतीत खरी परीक्षा दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी, थकलेल्या पायांची असते. म्हणून महिन्यातून एकदा शनिवार-रविवार सलग सराव करावा, आणि ते दोन दिवस घरात महिनाभर आधी ठरलेले असावेत. शर्यतीपूर्वीच्या दोन आठवड्यांत सरावाचे तास साधारण निम्म्यावर आणावेत. शेवटच्या आठवड्यात घाम गाळून काही कमावता येत नाही, गमावता मात्र येते.

खाण्यासाठी महागड्या पाकिटांची गरज नाही. दीड-दोन तासांहून लांब फेरीत तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. केळी, गुळाची चिक्की, तांदळाची भाकरी हे सगळे चालते. फेरीआधी आणि नंतर वजन करावे. एक किलो घटले म्हणजे शरीरातले साधारण लिटरभर पाणी गेले. मात्र तासन् तास नुसते साधे पाणी पीत राहिल्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तहानेप्रमाणे प्यावे आणि लांबच्या फेरीत मिठाचाही विचार करावा. एप्रिल-मेच्या उकाड्यात शरीराला सरावायला दहा ते चौदा दिवस लागतात, तेवढे दिवस जोर कमी ठेवावा. पावसाळ्यात माळशेज आणि कसारा घाटांत दरडी आणि धुके, तर शिवारात लेप्टोस्पायरोसिसचा धोका. पायाला जखम असताना चिखल-पाण्यातून गेल्यावर ताप आला, तर अंगावर न काढता डॉक्टर गाठावा आणि चिखलातून गेल्याचे त्यांना आवर्जून सांगावे.

चाळिशीनंतर हृदयाची तपासणी ही केवळ औपचारिकता नाही. पस्तिशीनंतर व्यायाम करताना अचानक होणाऱ्या मृत्यूंमागे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार हे सर्वांत मोठे कारण आहे, आणि आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षे आधी गाठतो. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, ईसीजी आणि घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला आहे का, एवढे तरी डॉक्टरांसमोर यावे. पुढच्या तपासण्या त्यांच्या सल्ल्याने. चढणीवर छातीत जडपणा आला, जबडा किंवा हात दुखला, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर ‘पित्त झाले असेल’ म्हणून पुढे रेटू नये. तिथेच थांबावे आणि थेट रुग्णालय गाठावे.

आता घराचे. देशातील वेळेच्या वापराच्या २०१९ च्या सरकारी पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७, असे आढळले. २९९ मिनिटे रोज म्हणजे आठवड्याला जवळपास ३५ तास. वरच्या हिशेबात उरले होते २६. लोकलने कामावर जाणाऱ्या स्त्रीचे घरकाम निम्मे धरले, तरी तिच्या हाती साडेआठ तास उरतात, आणि मुले व सासू-सासरे त्यांतच. डोंगरवाटांवर स्त्रिया कमी का दिसतात, याचे उत्तर त्यांच्या फुप्फुसांत नाही, या वजाबाकीत आहे. नवऱ्याच्या सरावाचे दहा तास याच साडेआठांतून गेले, तर त्याच्या तंदुरुस्तीची किंमत तिची पाठ, तिची झोप आणि तिचा रक्तदाब मोजतो. अशा तंदुरुस्तीला आरोग्य म्हणता येणार नाही.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगचे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवले ते कसाऱ्यापलीकडच्या नाशिकच्या डॉक्टर बंधूंनी. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या गटात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ती डांबरी रस्त्याची शर्यत, पण तिचा धडा डोंगरालाही लागू आहे. एक सायकल चालवत असताना दुसरा विश्रांती घेतो, आणि दोघांमागे गाडी चालवणारे, जेवण देणारे, वेळ सांभाळणारे साहाय्यक असतात. तिथे साहाय्यकांशिवाय शर्यत होतच नाही, हे सर्वांना मान्य असते. घरी तेच काम करणाऱ्या माणसांची मात्र कुठे नोंद नसते.

ती नोंद व्हावी. शर्यतीचे पैसे भरण्याआधी घरात बसून चार गोष्टी ठरवाव्यात. आठवड्याचे तास किती, कोणत्या दिवशी, त्या वेळी घर कोण पाहणार, आणि हे सगळे कोणत्या तारखेला संपणार. जितके तास सायकलला, तितके तास घरातल्या दुसऱ्या माणसालाही हक्काने मिळावेत, मग तिने ते चालण्यात घालवावेत की झोपण्यात. हिमालयातल्या तीन हजार मीटरच्या खिंडींसाठी आधी चार दिवस जाऊन हवेला सरावावे लागते. ती रजाही या हिशेबात धरावी.

‘केप एपिक’ या दक्षिण आफ्रिकेतल्या आठ दिवसांच्या प्रसिद्ध शर्यतीत दोघांची जोडी असते, आणि जोडीदारांमध्ये दोन मिनिटांहून जास्त अंतर पडले तर दंड होतो. संसारात असा पंच नसतो, त्यामुळे मागे राहिलेल्याकडे वळून पाहण्याची जबाबदारी पुढे गेलेल्यावर येते. घरात तान्हे मूल आहे, कुणी अंथरुणाला खिळले आहे, मुलीचे दहावीचे वर्ष आहे, तर शर्यत एक वर्ष पुढे ढकलावी. डोंगर कुठे जात नाहीत, आणि नियमित, संथ सरावाने तयार झालेले हृदय वर्षभरात म्हातारे होत नाही.