अपग्रेड करा, पण विचारून

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला. शाळेतल्या जुन्या संगणकांवर आता नवी प्रणाली टाकावी लागणार. टाकायलाच हवी, सुरक्षेचा प्रश्न आहे. पण "फॉरमॅट मारून टाकू" हा सोपा उपाय उर्दू शाळेला महागात पडतो. उर्दूचा फोनेटिक कीबोर्ड, जमील नूरी नस्तालीक फाँट, मराठीचा इनस्क्रिप्ट, शिक्षकांनी शब्द घालून वाढवलेला शब्दकोश, सगळे पुसले जाते. मग मुलांची उर्दू नस्ख वळणात उमटते आणि आपण म्हणतो, चालेल. का चालेल?

डेबियन लिनक्सची रीत पाहा. सेटिंगची एखादी फाइल तुम्ही बदललेली असेल आणि नव्या आवृत्तीतही ती बदलली असेल, तर ते आधी विचारते: तुमची ठेवू की नवी घेऊ? नुसते एंटर दाबले तरी तुमचीच राहते. सी-डॅकची 'बॉस' प्रणाली याच डेबियनवर उभी आहे.

आमचे असोदे बहिणाबाईंचे माहेर. आपल्या बोलीची किंमत इथे वेगळी सांगायला नको. म्हणून फॉरमॅटआधी फाँट, कीबोर्ड, शब्दकोश पेनड्राइव्हवर घ्या आणि सेटिंग वहीत लिहून ठेवा. नव्याचे स्वागतच आहे, पण त्याने घरच्यांना विचारून आत यावे.