ढोलवाल्याचं नाव काय?

रॉकच्या मैफलीत मंचाच्या मधोमध मांडलेला चकचकीत ड्रमसेट मुळात बँडपथकातून आला. जळगाव-धुळ्याच्या लग्नात आजही रस्त्याने वाजत जातं, तसल्याच बँडपथकातून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात मिरवणुकीच्या बँडमध्ये मोठा ढोल एक जण वाजवायचा, साइड ड्रम दुसरा. नाचघरात आणि नाटकगृहात तेवढ्या माणसांना ना जागा होती, ना पगार. मग एकाच वादकाला खुर्चीवर बसवून सगळं त्याच्यासमोर मांडायची पद्धत पडली. 1909 मध्ये विल्यम लुडविगने मोठ्या ढोलासाठी चांगलं चालणारं पायाचं पेडल तयार केलं आणि ढोलाचा ठोका हाताकडून पायाकडे गेला. 1920 च्या दशकात पायाने मिटणाऱ्या-उघडणाऱ्या झांजा आल्या. पथकाची कामं एका माणसाच्या दोन हातांत आणि दोन पायांत वाटली गेली.

खान्देशात ती कामं अजून वेगवेगळ्या हातांत आहेत. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकलेला असताना साइड ड्रमचा पट्टा गळ्यात अडकवून वादक तीन-तीन तास चालतो. वरात चौकात अडते, नाचणारी पोरं पुढे सरकत नाहीत, कुणी तरी पुन्हा तेच अहिराणी गाणं मागतं. मास्तर ट्रम्पेट ओठांना लावण्याआधी खांदा किंचित उचलतात. तेवढ्या खुणेवर साइड ड्रमवाला जुना ठेका सोडून नवा धरतो, मधे एक मात्राही सांडत नाही. मागचा मोठा ढोल त्याच्या काठीकडे बघून वळतो. लय चढवायची असेल तर एकदम चढवत नाहीत, नाचणाऱ्याला कळणारही नाही इतक्या बेताने चढवतात. जाझच्या मोठमोठ्या शाळांत जे शिकवतात त्यातला बराच भाग हाच आहे: कान उघडा ठेवणं, सोबत्याचा श्वास ओळखणं, लय हातातून सुटू न देणं.

तरीही या वादकाचं नाव कुणी विचारत नाही. बँडच्या गाडीवर मालकाचं नाव मोठ्या अक्षरात असतं, मास्तर निदान ‘मास्तर’ तरी असतात. ढोलवाला मात्र नुसता ढोलवाला. याचं मूळ गावगाड्यात आहे. हलगी, ताशा, सनई ही कामं गावाने ठरावीक समाजांच्या गळ्यात टाकली. चामड्याला हात लावणाऱ्याला दूर बसवलं आणि त्याच्याच वाजवण्यावर देवाची पालखी नाचवली. बँड आला, गणवेश आला, पण बघणाऱ्याची नजर तीच राहिली. ग्रेगरी बूथ या संगीत-अभ्यासकाने भारतातल्या लग्नाच्या बँडवर ‘ब्रास बाजा’ नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, ते 2005 मध्ये आलं. परदेशातून येऊन माणूस या पथकांचा अभ्यास करतो आणि आपल्याला दारात वाजवून गेलेल्या माणसाचं नाव माहीत नसतं, ही लाज वाटण्यासारखीच गोष्ट आहे.

न्यू ऑर्लिन्समधला बेबी डॉड्स असाच रस्त्यावर घडलेला कृष्णवर्णीय वादक. तिथे अंत्ययात्रेत बँड असे. स्मशानाकडे जाताना संथ आणि जड, परतताना उसळतं वादन. एकाच दिवशी दोन्ही तोलायची तालीम तिथल्या वादकांना आपोआप मिळे. डॉड्स पुढे किंग ऑलिव्हर आणि लुई आर्मस्ट्राँग यांच्यासोबत वाजवू लागला. 1946 मध्ये त्याला एकट्याला बसवून ध्वनिमुद्रण केलं गेलं. त्यात तो वाजवतो आणि काय वाजवतोय ते बोलून समजावतो. पिढ्यान्‌पिढ्या ड्रमर त्यावरून शिकले. सातपुड्यातल्या होळीत ढोल वाजवणारे पावरा आणि भिल्ल वादक, साक्री-शिरपूरकडचे जुने बँडवाले यांचं असं बोलतं ध्वनिमुद्रण व्हायला हवं. खान्देशातल्या विद्यापीठाला ते अवघड नाही.

ड्रम म्हणजे दणदणाट, हा समज मात्र खोडून काढायलाच हवा. रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स जगातल्या सर्वांत गाजलेल्या रॉक बँडमध्ये जवळजवळ साठ वर्षं वाजवत राहिला. माणूस शांत, कपडे शिवून घेतलेले, ओढा जाझकडे. साइड ड्रमवर ठोका मारायच्या क्षणी तो उजवा हात झांजेवरून उचलून घेई. बहुतेक ड्रमर जिथे दोन्ही आवाज एकत्र करतात तिथे तो एक आवाज कमी करी, आणि त्या मोकळ्या जागेमुळेच ठोका ठसठशीत उमटे. 2021 मध्ये तो गेला, तेव्हा जगभरच्या ड्रमरांनी त्याच्या या उचललेल्या हाताची आठवण काढली.

जाझ ड्रमर बडी रिच त्याच्या अगदी उलट. हात विजेसारखे, स्वभाव तापट. बँडच्या बसमध्ये वादकांवर तोंड टाकतानाची त्याची ध्वनिमुद्रणं अजून फिरतात. त्याला नोटेशन वाचता येत नसे. नवी रचना एकदा कानावर पडली की पुरे. हाच रिच 1968 मध्ये मुंबईच्या तबलावादक उस्ताद अल्लारखाँसोबत ‘रिच आ ला रखा’ या रेकॉर्डसाठी वाजवायला बसला.

ड्रमर जो मोरेलोची गोष्ट आणखी निराळी. नजर जन्मापासून अधू, लहानपणी हातात व्हायोलिन. 1958 मध्ये तो जाझ पियानोवादक डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीबरोबर भारतात आला आणि मुंबईतही वाजवून गेला. त्याच दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावरच्या वादकांचा नऊ मात्रांचा ठेका ब्रूबेकच्या कानावर पडला. पुढच्या वर्षी तो ठेका ‘टाइम आउट’ या रेकॉर्डमध्ये उतरला. त्याच रेकॉर्डमध्ये पाच मात्रांचं ‘टेक फाइव्ह’ आहे. झपताल कानात बसलेल्या माणसाला ते ऐकताना परकं वाटत नाही; तीन आणि दोनची वाटणी आपसूक हातावर पडते. रस्त्यावरच्या वादकाकडे मान वळवली की काय हाती लागतं, याचा हा पुरावा.

आणि आपल्या घरातलं नाव त्रिलोक गुर्टू. 1951 मध्ये मुंबईत जन्म. आई ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका शोभा गुर्टू, मूळच्या बेळगावच्या. तबल्यापासून सुरुवात करून तो ड्रमकडे वळला, पण तबला त्याने सोडला नाही. ड्रमरच्या खुर्चीवर न बसता तो खाली, अर्धवट गुडघ्यावर बसतो. एका बाजूला तबला, समोर ड्रम आणि झांजा, शेजारी पाण्याची बादली. वाजती झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो, तो वाकलेला सूर तो लयीत गुंफतो. ‘ऑरेगॉन’ या गटात आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनसोबत वाजवून त्याने जगभर नाव मिळवलं. 1988 च्या ‘उसफ्रेट’ या त्याच्या पहिल्या रेकॉर्डमध्ये आईचा आवाज आहे. ड्रमसमोर कसं बसायचं, हेसुद्धा त्याने स्वतःच्या परंपरेतून ठरवलं. खान्देशी पोरानेही तसं करायला काय हरकत आहे?

आज बँडच्या गाडीवर बहुतेक ठिकाणी ऑक्टोपॅड दिसतो. 1985 मध्ये रोलँड या जपानी कंपनीने आणलेलं हे आठ खणांचं यंत्र उचलायला हलकं आणि हुकमी. त्याच्याशी भांडण नाही. पण केवळ त्यावर वाढलेल्या मुलाचा पाय तयार होत नाही. काठीच्या हलक्या-जड स्पर्शाने एकाच चामड्यातून दहा आवाज कसे काढायचे, हेही राहून जातं. आणि शेजारी डीजेच्या भिंती उभ्या असल्या की हलका हात ऐकू तरी कसा जाणार? कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी 85 डेसिबल ही सुरक्षित मर्यादा मानतात. दर तीन डेसिबलमागे वेळ निम्म्यावर येतो, म्हणजे शंभरला जेमतेम पंधरा मिनिटं. रोज संध्याकाळी त्या भिंतीपुढे उभं राहणाऱ्या वादकाच्या कानाला साधा बोळाही मिळत नाही. मालकांनी कानातले बोळे गणवेशाबरोबरच द्यायला हवेत.

शिकायची सोय करणंही आवाक्यातलं आहे. तबल्याला गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची बांधलेली वाट आहे. ड्रम शिकू पाहणाऱ्या मुलाची नजर अजून मुंबई-पुण्याकडेच लागते. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त थांबतात. कानबाई आणि गणपतीच्या मिरवणुका सोडल्या तर बँडची पोरं मजुरीला जातात. याच महिन्यांत जळगावला विद्यापीठाने आणि धुळ्याला महापालिकेच्या जागेत कुणा संस्थेने एकेक बरा ड्रमसेट, एक शिक्षक आणि रोजचे दोन तास द्यावेत. शिकवणी फुकट असावी आणि बुडणाऱ्या मजुरीपोटी विद्यावेतन मिळावं. साइड ड्रमवाल्याचे हात आधीच तयार आहेत. पहिला महिना फक्त पायाला द्यावा लागेल. मग विद्यापीठाच्या ‘युवारंग’ महोत्सवात एक संध्याकाळ आणि जानेवारीत जळगावला होणाऱ्या बालगंधर्व महोत्सवात अर्धा तास या मुलांसाठी राखावा, आणि कार्यक्रमपत्रिकेत बँडच्या नावाखाली प्रत्येक वादकाचं पूर्ण नाव, गावासकट, छापावं.