भिजणाऱ्याची कैफियत

अमरावतीच्या माणसाला भिजण्याचं वावडं आहे असं कोणी म्हणू शकणार नाही. आमचा गिला वडाच पाहा. चांगला खरपूस तळलेला वडा आधी पाण्यात बुडवायचा, मग दह्यात लोळवायचा; पार ओलाचिंब झाल्याशिवाय आम्ही त्याला तोंड लावत नाही. भिजल्याने वड्याला चव येते हे ज्या गावाला कळतं, त्याला माणसाच्या बाबतीत तेच का कळू नये?

अकोल्याची तऱ्हा याहून पुढची. मे महिन्यात तिथे पारा ४५ च्या वर जातो आणि आमचे अकोल्याचे साडभाऊ कुलरसमोर उघडेबंब बसतात. ताट्यांतून उडालेले दोन थेंब पाठीवर पडले की डोळे मिटून "वा बाप्पा!" म्हणतात. कुलर, ताट्या, पंप आणि विजेचं बिल धरून एक थेंब केवढ्याला पडतो, याचा हिशेब मी त्यांना कागदावर करून दिला आहे. हेच साडभाऊ जुलैत सहकुटुंब चिखलदऱ्याला निघाले की मोटारीच्या चारही काचा गच्च लावून घेतात. कशासाठी? तर पाऊस आत येऊ नये म्हणून! आणि चालले कशाला? तर पाऊस पाहायला!

तेव्हा माझं म्हणणं स्पष्ट आहे. पावसातला चिखलदरा सायकलीवरूनच पाहावा. एवढं बोललं की आमच्या गल्लीत सगळे माझ्या बायकोकडे सहानुभूतीने पाहू लागतात.

"काहून जी," परवा साडभाऊंनी विचारलं, "पेट्रोलले पैसे नाहीत काय? एवढं पाणी येऊन राह्यलं अन् तुम्ही सायकलनं जाऊन राह्यले?"

खरी गोम या पेट्रोलात आहे, पाण्यात नाही. 'निसरडं आहे', 'वय झालं', 'सर्दी होईल' या सगळ्या वरवरच्या सबबी. निसरडं असतं, मान्य. रिमवर रबर दाबणारा ब्रेक पावसात आधी रिमवरचं पाणी पुसतो आणि मग सावकाश आपल्या कामाला लागतो. म्हणून उतारावर तो आधीपासून, हलक्या हाताने दाबत यायचं. वयाचं म्हणाल तर चढावर उतरून सायकल हातात धरून चालायला कुठल्याही कायद्याची बंदी नाही. १८०३ साली स्टीव्हन्सनच्या फौजेने गाविलगड घ्यायला याच डोंगरांतून तोफा ओढत नेल्या. आपल्याला फक्त सायकल न्यायची आहे. राहिला रेनकोट. तो घातला तर माणूस घामाने आतून भिजतो, न घातला तर बाहेरून. मी बाहेरून भिजणं पसंत करतो, ते पाणी स्वच्छ असतं.

पण पेट्रोलचं काय करायचं? दोन पिढ्यांपूर्वी सायकल घरात आली की तिला हार घालून पेढे वाटणारे आपण, आता सायकलवर माणूस दिसला की त्याचं काहीतरी बिनसलं असं समजतो. दूधवाला भर पावसात दोन्ही बाजूंना कॅन लटकावून रोज सायकल मारतो, त्याला कोणी थांबवून 'सर्दी होईल हो' म्हणत नाही. हेल्मेट घालून लाखाची सायकल चालवणारा डॉक्टर भिजला तर तो खेळाडू. आणि माझ्यासारखा पेन्शनर साध्या सायकलवर भिजला तर पेट्रोलला पैसे नाहीत! पाऊस तिघांवर सारखाच पडतो. फरक फक्त बघणाऱ्याच्या डोळ्यांत.

वाटेचं थोडं सांगतो. अमरावतीहून वलगाव, आसेगाव पूर्णा करत परतवाडा सुमारे ५० किलोमीटर. हा भाग सपाट. कपाशी, तूर, पुढे संत्र्याच्या बागा. परतवाड्याला मुक्काम करावा, पहिल्या दिवशी शौर्य दाखवू नये. दुसऱ्या दिवशीचे ३० किलोमीटर मात्र डोंगर. धामणगाव गढी मागे पडली की रस्ता वळणं घेऊ लागतो आणि सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्यापर्यंत आपली अब्रू पायांच्या हाती असते. सागाच्या रुंद पानांवर पाऊस पडतो तो आवाज काचेआड ऐकू येत नाही. चार वळणं आधी ऐकलेला ओढा पाचव्या वळणावर दिसतो. मोटारीत दोन्ही गोष्टी एकदम येतात आणि गाणं चालू असल्याने दोन्ही निसटतात.

याच चढावर मला डोक्यावरून खताच्या पोत्याची खोळ घेतलेली एक कोरकू बाई भेटली. तिचा पायी वेग आणि माझा सायकलीचा वेग तंतोतंत सारखा असल्याने आम्ही बराच वेळ बरोबर होतो. मागून एक मोटार हॉर्न वाजवत आली, डबक्याचं सगळं पाणी दोघांच्या अंगावर उडवून गेली आणि पुढच्या वळणावर तिच्या खिडकीतून माकडांसाठी वेफर्सची अख्खी पिशवी बाहेर पडली. काच तेवढ्यापुरती उघडली होती. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ जंगलांत ज्याचा नंबर लागला, त्या मेळघाटाला आपण हे देतो! बाईने तोंडावरचा चिखल पुसला आणि चालू लागली. तिच्या रोजच्या वाटेवर आपण रविवारी पाहुणे म्हणून जातो आणि मालकासारखा हॉर्न मारतो, याचा मला मोटारीहून जास्त राग आहे. हॉर्नच्या जागी घंटी असती तर निदान मालकी तरी कमी वाटली असती.

वर पोचलो तेव्हा देवी पॉइंटवर ढग उतरले होते. मोटारींची रांग लागलेली. एका गाडीची काच बोटभर खाली झाली, आतून एक गृहस्थ ढगाकडे बघून म्हणाले, "एवढ्या लांबून आलो, अन् काहीच दिसून नाही राह्यलं!" काच वर गेली.

साडभाऊंना मी ऑगस्टचं आमंत्रण दिलं आहे. दुसरी सायकल शेजाऱ्यांची, तिचे ब्रेकचे रबर बदलून ठेवलेत. त्यांचं उत्तर कालच आलं: मी चढावर हातात धरून चालणार असलो तर ते येतील, फक्त त्यांची सायकलही मीच धरायची.