पंगतीतील पंक्तिप्रपंच

आपल्या उद्यानांत येणाऱ्या माणसास गिऱ्हाईक म्हणावयाचे नाही, पाहुणा म्हणावयाचे. आणि त्याची सरबराई करणाऱ्यास नोकर न म्हणता नटसंचातील पात्र म्हणावयाचे, असा अमेरिकेतील वॉल्ट डिस्ने कंपनीचा जुना दंडक आहे. शब्द गोड आहेत. परंतु पाहुणा म्हटला की यजमानावर काही बंधने येतात, आणि त्यांतील पहिले बंधन पंक्तिप्रपंच न करण्याचे. एका पानावर तुपाची धार आणि शेजारच्या पानावर कोरडा भात, असे वाढणाऱ्याची आपल्याकडे गावभर नालस्ती होते. गेली काही वर्षे डिस्नेचे जुने चाहते कंपनीच्या कारभाराविरुद्ध जी ओरड करीत आहेत, तिचे मर्म आमच्या मते नेमके येथे आहे.

सातासमुद्रापलीकडील बागेची आम्हांस उठाठेव कशाला, असे कोणी विचारील. दूरदर्शनवर रविवारी डिस्नेची बदके हिंदीत बोलू लागली तेव्हा जी मुले मुंबई-पुण्याच्या चाळींतून दूरचित्रवाणीपुढे फतकल मारून बसत होती, ती आज आईबाप झाली आहेत. त्यांतील काही नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झाली असून, इकडून भेटीस आलेल्या वृद्ध मातापित्यांना घेऊन त्याच रांगांत उभी असतात. तेव्हा हा प्रश्न आम्हांस अगदीच परका नाही.

कॅलिफोर्नियातील अॅनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी पहिले उद्यान उघडले आणि प्रौढांस प्रवेशासाठी एक डॉलर पडू लागला. त्या काळी आतील सारे फुकट होते, असे जे आता भाविकपणे सांगितले जाते ते खरे नव्हे. पाळण्यागणिक वेगळे पैसे पडत. पुढे अक्षरांकित चिठ्ठ्यांची पुस्तके निघाली आणि ती १९८२ पर्यंत चालली. पण चिठ्ठी कोणाचीही असो, रांग एकच असे. १९९९ मध्ये कंपनीने एक चांगली सोय काढली. यंत्रात तिकीट सरकवावे, यंत्राने पुढील वेळ द्यावी, आणि त्या वेळी येऊन माणसाने थोडक्यात आत जावे. या सोयीस दाम नव्हता. जो लवकर उठेल आणि डोके चालवील त्याचा फायदा होई, आणि लवकर उठणे गरिबासही परवडते.

२०२० च्या महामारीत उद्याने बंद झाली, तशी ही सोयही बंद झाली, आणि ती परत आलीच नाही. २०२१ च्या अखेरीस तिच्या जागी दाम मोजून मिळणारी रांग आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अॅनाहाइम येथे त्याहूनही वरचा वर्ग निघाला: प्रवेशाचे तिकीट वेगळे आणि त्यावर माणशी ४०० डॉलर दिल्यास, वेळ ठरविण्याचीही तसदी न घेता, जलद रांग असलेल्या प्रत्येक पाळण्यावर एकदा आत जाण्याची मुभा. त्याच महिन्यात गर्दीच्या दिवसाचे नुसते तिकीटही २०६ डॉलरवर गेले.

महागाई सर्वत्र आहे; भाव वाढला एवढ्यावरून आम्ही कोणास दोष देणार नाही. आमचा आक्षेप निराळा आहे. पाळण्यात तासाला जितकी माणसे बसावयाची तितकीच बसतात. दाम देणाऱ्यास जी जागा दिली ती दाम न देणाऱ्याच्या रांगेतून काढूनच दिली जाते, आणि ती रांग तेवढी मंदावते. रांग जितकी मंद, तितका ती चुकविण्याचा दाम अधिक. म्हणजे यजमानाचा नफा पाहुण्याच्या खोळंब्यावर अवलंबून राहिला. ज्या धंद्यात गैरसोय हाच माल होतो, त्यात सोय वाढविण्याची कळकळ कोणास राहील?

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. सर्वांत स्वस्त दिवसाचे तिकीट २०१९ पासून १०४ डॉलरवरच ठेवले आहे, असे ती २०२४ मध्येही सांगत होती, आणि ते खरे होते. फक्त हे स्वस्त दिवस बहुधा आडवारी येतात, जेव्हा मुले शाळेत असतात. आम्ही काही वर्षे शिक्षकी केलेली असल्यामुळे ही मेख आमच्या ध्यानात लवकर आली, इतकेच.

वार्षिक परवान्याचीही तीच तऱ्हा. कोणताही दिवस वर्ज्य नाही, असे सांगून २०२१ मध्ये विकलेल्या परवान्यावर प्रत्यक्षात हव्या त्या दिवसाची जागा मिळेना. प्रकरण न्यायालयात गेले, आणि २०२३ मध्ये कंपनीने दोष मान्य न करता ९५ लाख डॉलर देऊन ते मिटविले.

चाहत्यांच्या ओरडीत कचराही पुष्कळ आहे. २०२३ च्या जलपरीच्या चित्रपटात नायिका कृष्णवर्णीय का, म्हणून ज्यांनी त्या तरुण नटीस शिव्या घातल्या, त्यांना कारभाराचे टीकाकार म्हणणे हा खऱ्या टीकाकारांचा अपमान होय. जुना पाळणा मोडला म्हणून गळा काढणाऱ्यांनीही हे आठवावे की, उद्यान कधीच पुरे होणार नाही, ही खुद्द वॉल्ट डिस्ने यांचीच भूमिका होती.

तक्रार ऐकावयाची कोणी, हा खरा पेच आहे. नोव्हेंबर २००३ मध्ये वॉल्ट यांचे पुतणे रॉय ई. डिस्ने यांनी संचालकपद सोडले. मायकेल आइसनर यांच्या कारभारात कंपनी लोभी झाली आहे, असा सर्वांचा समज झाला आहे, हा त्यांच्या आरोपांपैकी एक होता. त्यांनी भागधारकांत मोहीम उभारली, आणि मार्च २००४ मध्ये फिलाडेल्फियाच्या सभेत सुमारे ४३ टक्के मते आइसनर यांस नाकारली गेली. त्यांचे अध्यक्षपद त्याच दिवशी गेले आणि पुढल्या वर्षी ते स्वतःही गेले. रॉय २००९ मध्ये वारले. त्यानंतर चाहत्यांचे दुखणे सभेत मांडणारा घरचा माणूस उरला नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात बॉब चापेक यांस दूर करून बॉब आयगर यांस परत आणले, तेव्हा चाहत्यांनी आनंद केला. थोड्याच दिवसांत काही सवलती आल्याही. पण ४०० डॉलरची रांग आली ती या परतलेल्या आयगर यांच्याच अमदानीत. एप्रिल २०२४ च्या सभेत नेल्सन पेल्ट्झ या धनिकाने संचालक मंडळाशी लढत दिली आणि तो हरला. त्या भांडणात भागाचा भाव होता, वारसदार होता, रांगेत उभ्या असलेल्या माणसाचे नावही नव्हते.

तेव्हा अमुक साहेब हटवा, ही चाहत्यांची मागणी आम्हांस अपुरी वाटते. त्यांनी एवढेच मागावे: दर पाळण्यावर तासाला किती जागा दामाच्या रांगेस जातात, तो आकडा प्रवेशद्वारावर लावा, आणि त्यास मर्यादा घाला. दिवसभर पोराला खांद्यावर घेऊन उभे राहणाऱ्या बापास आपल्या पुढून कितीजण गेले, हे कळण्याचा तरी हक्क असावा.